साधे बोलणारा नट : मिखाईल श्चेपकिन

१८३६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रशियाचा थोर कवी पुश्किन त्या वेळी मॉस्कोत होता. तेथील एका प्रसिद्ध नटाने आपल्या आठवणी लिहून काढाव्यात, अशी त्याची फार इच्छा होती. मित्रमंडळींत गोष्टी रंगवून सांगण्यात या नटाचा हातखंडा होता. परंतु त्या गोष्टी काही केल्या कागदावर उतरत नव्हत्या. अखेर १७ मे रोजी पुश्किनने एका वहीच्या पहिल्या पानावर स्वहस्ते मथळा घातला, तारीख घातली, आणि त्या नटाच्या जन्मगावाचे नाव सांगणारे आरंभीचे शब्दही स्वतःच लिहून दिले. पुढची पाने आता तुझी, असेच जणू त्याला सुचवायचे होते. त्यानंतर नऊ महिने लोटण्यापूर्वीच पुश्किन द्वंद्वयुद्धात बळी पडला. वही मात्र राहिली, आणि त्या नटाने ती सवडीसवडीने पुढे लिहीत नेली.

तो नट म्हणजे मिखाईल सेम्योनोविच श्चेपकिन. रशियन रंगभूमीला साधे बोलायला ज्याने शिकविले तो हाच. आज जगभर वास्तववादी अभिनयाची चर्चा होते तेव्हा स्तानिस्लाव्स्कीचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यही आहे. पण स्तानिस्लाव्स्की ज्या झऱ्याचे पाणी प्याला त्याचा उगम शोधीत गेले की वाट श्चेपकिनपाशी येऊन पोहोचते. आणि श्चेपकिनच्या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, सम्राटांपासून कारकुनांपर्यंत सर्वांना आपल्या अभिनयाने हसविणारा आणि रडविणारा हा पुरुष वयाची तीस वर्षे उलटून गेली तरी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र माणूस नव्हता. तो दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होता.

श्चेपकिनचा जन्म रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ६ नोव्हेंबर १७८८ रोजी कुर्स्क प्रांतातील क्रास्नोये नावाच्या खेड्यात झाला. त्याचे आईबाप काउंट वोल्केनश्टाइन या जमीनदाराचे भूदास होते. भूदास म्हणजे जमिनीबरोबर ज्यांची खरेदी-विक्री होई, ज्यांच्या विवाहाला धन्याची संमती लागे, आणि ज्यांची मुलेही जन्मतःच धन्याची होत, अशी माणसे. त्या काळच्या रशियात अशांची संख्या लक्षावधींनी मोजावी लागे. मिखाईलचा बाप धन्याच्या इस्टेटीचा कारभार पाही आणि आई काउंटच्या पत्नीच्या खाजगीकडे दासी होती. त्यामुळे घरात अन्नवस्त्राची ददात नव्हती. मुलगा चुणचुणीत म्हणून त्याला शाळेतही घालण्यात आले. परंतु चांगल्या धन्याचा दास हाही अखेर दासच असतो. उद्या धन्याची मर्जी फिरली, किंवा धनी मरण पावून इस्टेट दुसऱ्याच्या हाती गेली, तर हुशारी आणि विद्या ही विकणाऱ्याच्या दृष्टीने वस्तूची किंमत वाढविणारी लक्षणे ठरत, एवढेच.

सूद्झा या लहानशा गावी शाळेत असताना मुलांनी सुमारोकोवचे एक विनोदी नाटक बसविले. त्यात मिखाईलला नोकराची भूमिका मिळाली. आपल्यावर खिळलेल्या डोळ्यांची आणि उसळणाऱ्या हास्याची जी गोडी त्या दिवशी लागली, ती जन्मभर सुटली नाही. पुढे तो कुर्स्कच्या शाळेत शिकू लागला. त्या शहरी बार्सोव बंधूंची नाटक मंडळी होती. मिखाईल तिच्या दाराशी घोटाळू लागला. नकला उतरवून दे, प्रॉम्प्टरच्या जागी बस, अशी पडतील ती कामे करू लागला. धन्याच्या घरची कामे होतीच. १८०५ साली एका नटीच्या बेनिफिटचा प्रयोग ठरला होता. ऐन वेळी कळले की, नाटकातील एक नट गुत्त्यात बसला आहे, आणि अंगावरच्या कपड्यांसकट सारे काही जुगारात हरला आहे. खेळ मोडण्याची वेळ आली. तेव्हा सतरा वर्षांचेही वय न भरलेल्या या पोराने ती भूमिका आपण करतो असे सांगितले. त्याने काही तासांत नक्कल पाठ केली आणि टपालवाल्या आंद्रेयची भूमिका वठविली. भीतीने त्याला धड काही दिसत नव्हते. आत आला तेव्हा मात्र आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते. श्चेपकिनच्या नटजीवनाचा आरंभ तो हा.

त्या काळी रशियात अभिनय कशाला म्हणत, याचे मोठे मार्मिक वर्णन श्चेपकिनने आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. रंगभूमीवर कोणीही आपल्या स्वाभाविक आवाजात बोलता कामा नये, हा पहिला नियम. प्रत्येक शब्द शक्य तितक्या मोठ्याने उच्चारावा आणि त्याच्या जोडीला हातवारे असावेत, हा दुसरा. प्रेम, विश्वासघात, असे शब्द आले की आवाज टिपेला नेऊन भिडवायचा. चेहरा मात्र एकाच ताणलेल्या मुद्रेत ठेवायचा. भाषण संपवून आत जाताना उजवा हात उंच उभारणे तर अत्यावश्यकच. एकदा एक नट भाषण संपवून विंगेकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आले की, आपण हात उभारायचे विसरलो. तो तेथेच थांबला, त्याने गंभीरपणे हात वर केला आणि मगच तो आत गेला. प्रेक्षकांना यात काही वावगे वाटत नसे. नाटक म्हणजे असेच असायचे, अशी सर्वांची समजूत होती. तरुण श्चेपकिनही याच पद्धतीने काम करी आणि टाळ्या घेई.

१८१० साली मात्र एक विलक्षण योग आला. एका उमरावाच्या हवेलीत हौशी मंडळींचा नाट्यप्रयोग होता. त्यात प्रिन्स मेश्चेर्स्की हे एक वृद्ध सरदार कृपण म्हाताऱ्याची भूमिका करणार होते. श्चेपकिन मोठ्या उत्सुकतेने गेला, आणि पहिल्या काही क्षणांतच त्याची निराशा झाली. याला काही अभिनय येत नाही, असे त्याला वाटले. हात उभारणे नाही, गर्जना नाही. घरात बोलावे तसा हा गृहस्थ नुसता बोलतो आहे! परंतु नाटक जसजसे पुढे सरकू लागले तसतशी श्चेपकिनची नजर त्या माणसावरून हलेना. पैशाचा विषय निघाला की त्या कृपणाच्या काळजाला कसे घरे पडते, हे डोळ्यांना दिसत होते. रंगमंचावर इतर पात्रे आहेत याचेही श्चेपकिनला भान राहिले नाही. खेळ संपला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. आपण आजवर जे केले ते काय होते, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला.

त्याने ते नाटक मिळविले, ती भूमिका पाठ केली, आणि तसेच साधे बोलण्याचा प्रयत्न करून पाहिला. ते जमेना. मेश्चेर्स्कींचा आवाज आणि त्यांची ढब यांची तो नक्कल करीत होता, आणि नक्कल ही केव्हाही खोटीच वाटते. कित्येक दिवस गेले. पुढे मोलियेरच्या एका नाटकाची तालीम चालू होती. पुष्कळ वेळ तालीम होऊन श्चेपकिन दमला होता आणि मनही थोडे दुसरीकडेच होते. त्या अवस्थेत त्याच्या तोंडून भूमिकेतील काही शब्द अगदी सहज निघून गेले. ते कानी पडताच तो चमकला. हे शब्द नाटकात नसते आणि आपल्यालाच संसारात उच्चारायचे असते, तर ते असेच उच्चारले असते, हे त्याच्या ध्यानात आले. साधेपणाचे गुपित दुसऱ्याचा साधेपणा उचलण्यात नाही. भूमिकेचे शब्द आपले स्वतःचे होण्यात आहे. त्या तालमीत नकळत हाती लागलेले सत्य जाणूनबुजून, रोजच्या रोज, प्रत्येक भूमिकेत कसे साधावे, हा मग त्याच्या जन्माचा उद्योग होऊन बसला.

१८१६ साली तो खार्कोवच्या एका मंडळीत गेला आणि १८१८ साली पोल्तावा येथील नव्या रंगभूमीवर आला. तेथील गव्हर्नर-जनरल प्रिन्स रेपनिन याचा या रंगभूमीला आश्रय होता, आणि तिची सूत्रे युक्रेनियन भाषेतील आद्य नाटककार कोत्ल्यारेव्स्की याच्याकडे होती. कोत्ल्यारेव्स्कीच्या ‘नताल्का पोल्तावका’ या नाटकात श्चेपकिनने युक्रेनच्या खेड्यातला गावकारभारी असा काही उभा केला की, लोकांना आपल्याच गावातला माणूस रंगमंचावर आल्यासारखे वाटले. कीर्ती वाढत होती. परंतु धन्याची परवानगी असेपर्यंतच हे सारे होते. वोल्केनश्टाइनच्या वारसांनी उद्या बोलावून घेतले असते, तर पोल्तावाचा हा लाडका नट परत कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाहुण्यांना ताटे नेऊन देत उभा राहिला असता.

ही टांगती तलवार दूर करण्यासाठी पोल्तावातील रसिकांनी श्चेपकिनच्या मुक्ततेसाठी वर्गणी उभारण्याचे ठरविले. रेपनिनने पुढाकार घेतला. त्याचा भाऊ प्रिन्स सेर्गेय वोल्कोन्स्की यानेही या कामी खटपट केली. हाच वोल्कोन्स्की पुढे डिसेंबर १८२५ च्या फसलेल्या उठावात सापडला आणि सैबेरियात सक्तमजुरीवर गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्गणीमागच्या भावनेची कल्पना येते. तथापि मालकांनी मागितलेली किंमत मोठी होती. जमलेली रक्कम पुरली नाही. उरलेली भर रेपनिनने घातली. परंतु व्यवहार असा झाला की, कागदोपत्री श्चेपकिन आणि त्याचे कुटुंब काही काळ रेपनिनच्या मालकीचे झाले. पूर्ण मुक्ततेचा कागद हाती यायला १८२१-२२ चा सुमार उजाडला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या कलावंताचे वय तेहतीसच्या घरात होते, आणि ते मिळाले तेही त्याच्या गुणांवर लुब्ध झालेल्या लोकांनी त्याचे मोल मोजल्यामुळे. आपल्यासारख्याच इतर लक्षावधी लोकांना असे कोणी भेटले नाही, याचा विसर श्चेपकिनला कधी पडला नाही.

१८२२ साली मॉस्कोच्या सरकारी रंगभूमीने त्याला बोलाविले. पुढच्याच वर्षी तो तेथे कायमचा दाखल झाला, आणि १८२४ साली माली थिएटरची इमारत उघडल्यापासून तिचे आणि श्चेपकिनचे नाते जुळले ते मरेपर्यंत. ‘माली’ म्हणजे लहान. पण या लहान नाट्यगृहाला पुढे लोक मॉस्कोचे दुसरे विद्यापीठ म्हणू लागले, आणि ‘श्चेपकिनचे घर’ हे त्याचे आणखी एक नाव पडले.

दिसायला श्चेपकिन नायकाच्या भूमिकेला शोभणारा मुळीच नव्हता. ठेंगणी, स्थूल मूर्ती, वाटोळा चेहरा, आवाजही भारदस्त नाही. त्याच रंगभूमीवर त्या वेळी पावेल मोचालोव हा शोकांतिकांचा बादशहा तळपत होता. १८३७ साली ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आले तेव्हा मोचालोव हॅम्लेट होता आणि श्चेपकिन पोलोनियस. मोचालोवला स्फूर्ती आली की नाट्यगृह हादरून जाई; ती आली नाही की तोच नट पडून जाई. श्चेपकिनने स्फूर्तीची वाट पाहण्याचा मार्ग पत्करला नाही. पन्नास वेळा केलेली भूमिका एक्कावन्नाव्या वेळी करायची असली, तरी तो ती पुन्हा नव्याने अभ्याशी. तालमीला सर्वांच्या आधी हजर राही. नट हा लहरी आणि व्यसनी प्राणी, ही समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती. कुर्स्कच्या गुत्त्यात कपडे हरून बसलेल्या नटाची जागा घेऊन रंगभूमीवर आलेल्या श्चेपकिनने ती समजूत आपल्या आचरणाने खोडून काढली.

१८४८ साली आपल्या तरुण शिष्यांना लिहिलेल्या पत्रांत त्याने आपले शास्त्र सांगून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, नट दोन प्रकारचे असतात. एक बाहेरून हसतो आणि रडतो. आवाज, मुद्रा, हावभाव यांच्या कौशल्याने तो प्रेक्षकाला बरोबर फसवितो. दुसऱ्याला स्वतःला पुसून टाकून, लेखकाने दिलेल्या माणसाच्या कातडीत शिरावे लागते; त्याच्यासारखे चालावे, विचार करावा, हसावे आणि रडावे लागते. दुसरा मार्ग कष्टाचा, आणि त्यात यशाची हमीही नाही. परंतु कला ती हीच. अशा नटाने समाजाच्या सर्व थरांत वावरावे, कोणालाही तुच्छ लेखू नये, ज्याची भूमिका करायची त्याचे शिक्षण, सवयी, घरदार सारे जाणून घ्यावे, असे तो सांगे. हा उपदेश वरवर तंत्राचा वाटतो. पण तो ज्याच्याकडून येत होता त्याचे पूर्वायुष्य आठवले, म्हणजे त्याला वेगळाच अर्थ येतो. ज्याला स्वतःला एके काळी जग वस्तू समजत होते, तो सांगत होता की, रंगभूमीवर येणारा कोणीही निव्वळ वस्तू नव्हे. तो माणूस आहे.

ग्रिबोयेदोवच्या ‘बुद्धीचे दुःख’ या नाटकातील फामूसोव हा बडा अधिकारी, आणि गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मधील नगराधिकारी, या श्चेपकिनच्या सर्वांत गाजलेल्या भूमिका. गोगोलचे हे नाटक मराठी रसिकांना परके नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली रंगभूमीवर आणलेले ‘अंमलदार’ हे त्याचेच रूपांतर. एका आडगावातील लाचखाऊ अधिकारी, राजधानीहून गुप्तपणे तपासनीस येणार ही बातमी, आणि भलत्याच उनाड प्रवाशाला तपासनीस समजून झालेली त्यांची तारांबळ, अशी ती कथा. १८३६ च्या एप्रिलमध्ये सेंट पीटर्सबर्गला तिचा पहिला प्रयोग झाला; परंतु तेथील नटांनी तिचा फार्स करून टाकला, म्हणून गोगोल खिन्न झाला होता. मॉस्कोच्या प्रयोगाची सारी जबाबदारी त्याने पत्र लिहून श्चेपकिनवर सोपविली. २५ मे १८३६ रोजी तो प्रयोग झाला. श्चेपकिनचा नगराधिकारी हा सोंगाड्या नव्हता. तो लबाड होता. पण जग असेच चालते, त्यात आपण काही वाईट करीत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. हाताखालच्यांवर गुरगुरणारा आणि वरच्यांपुढे गोंडा घोळणारा हा मासला श्चेपकिनने लहानपणापासून अगदी जवळून पाहिला होता. अशा लोकांपुढे उभे राहण्यातच त्याचे तारुण्य गेले होते.

या भूमिकेवरून पुढे गोगोल आणि श्चेपकिन यांच्यात जो वाद झाला, तो नाट्येतिहासात संस्मरणीय आहे. उत्तरायुष्यात गोगोलची वृत्ती अंतर्मुख आणि धर्मपर झाली. आपल्या नाटकाचा त्याने नवाच अर्थ लावला आणि तो सांगणारा एक लहानसा नाट्यप्रवेशही लिहिला. त्याप्रमाणे ते गाव म्हणजे मनुष्याचा आत्मा, ते भ्रष्ट अधिकारी म्हणजे आपल्या मनातील विकार, आणि खरा तपासनीस म्हणजे जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी! श्चेपकिन गोगोलला देवाप्रमाणे मानी. परंतु हे त्याच्याने सहन झाले नाही. १८४७ साली त्याने गोगोलला पत्र लिहून आपला विरोध कळविला. दहा वर्षे मी या माणसांबरोबर राहिलो, त्यांना जिवंत माणसे म्हणून ओळखतो. आता ती माणसेच नव्हेत, असे मला सांगू नका. माझ्यामागे त्यांचे हवे ते करा. पण मी जिवंत आहे तोवर त्यांतला एकही मी तुम्हांला परत देणार नाही, अगदी दांडगाई करणारा तो पोलीससुद्धा, अशा अर्थाचे ते पत्र होते. निर्मात्याकडूनच त्याची निर्मिती वाचविण्यासाठी एका नटाने केलेली ही धडपड होती.

मॉस्कोतले श्चेपकिनचे घर म्हणजे एक लहानसे गावच होते. पत्नी, मुलेबाळे, वृद्ध आईबाप, यांच्या जोडीला मृत सहकाऱ्यांची पोरकी मुले, थकलेले नट, निराधार म्हाताऱ्या, असे किती तरी लोक तेथे राहत. जेवणाच्या वेळी वीस-पंचवीस पाने सहज मांडली जात. आणि त्याच घरी गोगोल, बेलिन्स्की, हेर्झेन, तुर्गेनेव यांच्यासारख्यांची बैठक जमे. श्चेपकिन आपल्या पूर्वायुष्यातील गोष्टी सांगे आणि ही लेखकमंडळी कान देऊन ऐकत. ओर्योल शहरी काउंट कामेन्स्कीचे भूदासांचे नाट्यगृह होते. प्रयोग चालू असताना हा काउंट नटांच्या चुका वहीत टिपून ठेवी आणि अंक संपताच आत जाऊन चाबूक वाजवी, असे समकालीनांनी लिहिले आहे. तेथल्या एका गुणी दासी-नटीची शोककथा श्चेपकिनने हेर्झेनला सांगितली. धन्याच्या वासनेला नकार दिल्यामुळे तिच्या कलेची आणि जिवाची धूळधाण झाली होती. हेर्झेनने तिच्यावरून ‘चोरटी साळुंकी’ ही कथा लिहिली. १८४८ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा श्चेपकिनलाच अर्पण केलेली होती. दास्याचे जे दुःख रंगमंचावर उघड बोलता येत नव्हते, ते असे दुसऱ्याच्या लेखणीतून बोलले गेले.

परंतु श्चेपकिनला केवळ वीरपुरुष म्हणून रंगविणे त्याच्या चरित्राशी प्रतारणा होईल. १८५३ साली तो युरोपच्या प्रवासात लंडनला गेला. हेर्झेन तेथे निर्वासित होता, आणि झारशाहीविरुद्ध मजकूर छापण्यासाठी त्याने त्याच वर्षी स्वतंत्र रशियन छापखाना काढला होता. अनेक वर्षांनी दोघे जिवलग भेटले. आणि या जन्माच्या दासाने, या मुक्त झालेल्या पुरुषाने, हेर्झेनला विनंती केली ती छापखाना बंद करण्याची! तू छापशील आणि मॉस्कोत तुझे मित्र तुरुंगात जातील. काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहा, लोकांना विसरू दे, मग परत ये, असे तो परोपरीने विनवू लागला. हेर्झेनने ठाम नकार दिला. दोघांनाही अतिशय दुःख झाले. झार निकोलस याच्या अमदानीतील ती अखेरची काळी वर्षे होती, आणि श्चेपकिनची भीती अनाठायी नव्हती. तरी ती भीतीच होती. तीस वर्षे दुसऱ्याच्या मर्जीवर जगलेल्या माणसाच्या मनात ती कोठे तरी खोल रुतून राहिली होती. श्चेपकिनच्या मृत्यूनंतर हेर्झेनने त्याच्यावर लेख लिहिला. त्यात या भेटीची हकिकत आहे, आणि मित्राविषयीचे प्रेमही तिळमात्र उणावलेले नाही.

हीच भीती दुसऱ्या एका प्रसंगी श्चेपकिनने कशी बाजूला सारली, तेही पाहण्यासारखे आहे. युक्रेनचा महाकवी तारास शेवचेन्को हाही जन्माने भूदासच. १८३८ साली चित्रकार ब्र्युलोवने काढलेल्या एका चित्राची सोडत काढून, तिच्या पैशांतून त्याची मुक्तता करण्यात आली होती. पुढे त्याच्या कवितांबद्दल झारने त्याला सैन्यात शिपाई म्हणून हद्दपार केले. दहा वर्षांनी, १८५७ साली त्याची सुटका झाली. परंतु राजधानीची दारे त्याला अजून बंद होती, म्हणून तो निझ्नी नोवगोरोदला अडकून पडला होता. अशा माणसाला भेटणे पोलिसांच्या नजरेत भरण्यासारखे होते. डिसेंबर महिन्यात, रशियाच्या कडाक्याच्या थंडीत, एकोणसत्तर वर्षांचा श्चेपकिन मॉस्कोहून सुमारे चारशे किलोमीटरांचा प्रवास करून त्याला भेटायला गेला. २४ तारखेला तो पोहोचला आणि जवळजवळ आठवडाभर राहिला. तेथील रंगभूमीवर त्याने कामही केले. शेवचेन्कोने आपल्या रोजनिशीत या दिवसांचे वर्णन सणाच्या दिवसांसारखे केले आहे. ‘नेओफिती’ हे आपले काव्य त्याने श्चेपकिनला अर्पण केले. विकत घेऊन मुक्त केलेली दोन माणसे एका छपराखाली भेटली होती, आणि त्यांपैकी एक रशियाचा पहिला नट व दुसरा युक्रेनचा पहिला कवी होता.

त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ साली, श्चेपकिनच्या नटजीवनाला पन्नास वर्षे झाली म्हणून मॉस्कोत मोठा सत्कार झाला होता. त्या भोजनसमारंभात लेखक कोन्स्तान्तिन अक्साकोव याने ‘लोकमता’च्या नावाने पेला उचलला, आणि सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तो थांबेना. लोकमत हा शब्द जाहीरपणे उच्चारणे हेच त्या देशात धाडसाचे होते. तो शब्द उच्चारला जावा, याला निमित्त एका नटाचा सत्कार झाला, हे अगदी उचित होते. कारण या नटाचे स्वातंत्र्य लोकांच्या वर्गणीतूनच आलेले होते.

तुर्गेनेवने श्चेपकिनसाठी म्हणून ‘नाख्लेब्निक’ म्हणजे ‘आश्रित’ हे नाटक लिहिले होते. श्रीमंताच्या घरी तुकड्यांवर राहणाऱ्या आणि सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेल्या एका वृद्धाची ही कथा. सरंजामदार वर्गाची निंदा होते, या कारणाने सेन्सॉरने ते १८४९ साली अडविले. श्चेपकिनने तेरा वर्षे वाट पाहिली. अखेर १८६२ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, आपल्याच बेनिफिटच्या प्रयोगात त्याने ती भूमिका केली. आवाज क्षीण झाला होता, स्मरणशक्ती दगा देई; पण अपमान गिळून बसलेल्या त्या म्हाताऱ्याचे दुःख त्याला मुद्दाम शिकावे लागले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६१ च्या फेब्रुवारीत, रशियात भूदासपद्धती रद्द झाल्याचा जाहीरनामा निघाला होता. जी मुक्तता एकट्याला विकत घ्यावी लागली होती, ती सर्वांना कायद्याने मिळालेली पाहण्याचे भाग्य त्याला लाभले.

१८६३ च्या उन्हाळ्यात प्रकृती खालावलेली असतानाही तो क्रिमियाच्या दौऱ्यावर निघाला. तेथेच याल्टा येथे ११ ऑगस्ट रोजी त्याचे देहावसान झाले. शेवटच्या दिवसांत जवळ एक सेवक तेवढा होता. त्याने सांगितलेली हकिकत अशी की, ग्लानीत पडलेला श्चेपकिन एकाएकी उठून बसला आणि गोगोल कोठे आहे म्हणून विचारू लागला. गोगोल तर केव्हाच वारले, असे सेवकाने सांगितले. गोगोलला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ते ऐकून म्हातारा क्षणभर स्तब्ध राहिला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. पुढे त्याला मॉस्कोत आणून पुरण्यात आले.

त्याच वर्षाच्या आरंभी, जानेवारी १८६३ मध्ये, मॉस्कोतील एका सधन व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला होता. तोच पुढे स्तानिस्लाव्स्की या नावाने जगाला माहीत झाला. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. परंतु श्चेपकिनच्या हाताखाली शिकलेली ग्लिकेरिया फेदोतोवा ही माली थिएटरची अभिनेत्री दीर्घायुषी होती. स्तानिस्लाव्स्की तरुणपणी हौशी मंडळी घेऊन धडपडत होता, तेव्हा तिने त्याला मार्गदर्शन केले आणि आपल्या गुरूची शिकवण त्याच्यापर्यंत पोहोचविली. मेश्चेर्स्कींच्या त्या एका संध्याकाळी लागलेला दिवा असा एका हातातून दुसऱ्या हाती जात राहिला. माली थिएटरच्या नाट्यशाळेला १९३८ साली श्चेपकिनचे नाव देण्यात आले, आणि आजही रशियातील नवे नट त्या शाळेत तयार होतात.

श्चेपकिनचा आवाज कोणत्याही तबकडीवर उतरलेला नाही. ते यंत्रच तेव्हा निघालेले नव्हते. नटाची कला पडद्याबरोबर संपते, असे म्हणतात ते यामुळेच. परंतु जेथे जेथे एखादा नट उगाच हात उभारण्याचे टाळतो, टाळीच्या मोहाने आवाज चढवीत नाही, आणि नोकराच्या किंवा भिकाऱ्याच्या चार वाक्यांच्या भूमिकेतही पुरा माणूस उभा करतो, तेथे तेथे तो साधा आवाज अजून ऐकू येतो.